संगणक कक्षातला ऑसिलोस्कोप



आज थोडं भांडायचंच आहे. भांडण आपल्या शाळेतल्या संगणकाशी नाही, आपण त्याचं जे केलंय त्याच्याशी आहे. बऱ्याच शाळांत संगणक एका खोलीत आहेत, त्यांच्यावर कापड टाकलेलं आहे आणि खोलीची चावी मुख्याध्यापकांच्या टेबलात आहे. जिथे खोली उघडते तिथे मुलं ओळीने बसून व्हिडिओ बघतात. व्हिडिओत दुसराच कोणीतरी प्रयोग करतो, त्याचं उत्तर नेहमी बरोबर येतं आणि मुलं टाळ्या वाजवून परत वर्गात जातात. म्हणजे आपण संगणकाचा टीव्ही केला. माझं म्हणणं इतकंच आहे की त्याच जुन्या संगणकात मोजमापाचं एक चांगलं साधन आयतं पडलेलं आहे, आणि आठवी-नववीला ध्वनी शिकवताना ते न वापरणं म्हणजे नादकाटा कपाटात ठेवून त्याचं चित्र फळ्यावर काढण्यासारखं आहे.

साधन म्हणजे ऑसिलोस्कोप. पॉलिटेक्निक किंवा बीएस्सी केलेल्यांनी तो प्रयोगशाळेत पाहिला असेल: हिरवट पडदा, पुढे बटणांची गर्दी, आणि प्रयोगशाळा सहायक हात लावू द्यायचे नाहीत. जर्मनीत ब्राउन यांनी १८९७ साली कॅथोड किरणांची नळी बनवली, तिच्यातून हे यंत्र पुढे आलं. सतत बदलणारा विद्युतदाब तो पडद्यावर लाटेच्या रूपात दाखवतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर हा त्याचा जोडीदार. तो तीच लाट घेतो आणि तिच्यात कोणकोणत्या वारंवारितेचे स्वर किती प्रमाणात मिसळलेत ते वेगवेगळं करून दाखवतो. प्रिझममधून पांढरा प्रकाश गेला की रंग सुटे होतात ना, तसंच. म्हणून त्याला वर्णपट म्हणायला हरकत नाही.

ही दोन्ही यंत्रं विकत घेणं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण संगणकाच्या साउंडकार्डमध्ये माइकचा विद्युतदाब आकड्यांत बदलणारा भाग असतोच. तो साधारणपणे सेकंदाला ४४,१०० वेळा दाब मोजतो. ते आकडे पडद्यावर मांडणारं सॉफ्टवेअर टाकलं की काम झालं. क्रिश्चन झाइटनिट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं 'साउंडकार्ड ऑसिलोस्कोप' शाळांना मोफत आहे, 'व्हिज्युअल ॲनालायझर' नावाचं इटलीतलं आहे, आणि आवाज ध्वनिमुद्रित करून सावकाश बघायचा असेल तर 'ऑडॅसिटी' आहे. तेही मोफत. आमच्या शाळेतला संगणक इतका जुना आहे की त्याच्यावर नवीन ब्राउझर चालत नाही, पण ही तिन्ही चालतात. इंटरनेट फक्त एकदा, सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापुरतं लागतं, आणि ते काम पेन ड्राइव्हवर होतं.

आता मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. त्यासाठी आमच्या पाइपाची गोष्ट सांगावी लागेल.

नववीच्या 'ध्वनीचा अभ्यास' या पाठात प्रतिध्वनी आहे. मूळ ध्वनी आणि त्याचा प्रतिध्वनी यांत ०.१ सेकंदाचं अंतर हवं, म्हणून अडथळा निदान १७.२ मीटरवर हवा, हे मुलांना तोंडपाठ असतं. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो हेही पाठ असतं. पण आपल्या तालुक्यात आज, आत्ता ध्वनीचा वेग किती आहे, असं विचारा. वर्ग गप्प.

आमच्या एका पालकाने तुषार सिंचनाचे दोन पाइप तासाभरासाठी दिले. जानेवारीत, हरभऱ्याला पाणी सुरू असताना दिले, हे मुद्दाम सांगतो. एक पाइप ६ मीटरचा. दोन कपलरने जोडले की १२ मीटर. पलीकडचं तोंड पाटीने बंद केलं, अलीकडच्या तोंडाशी संगणकाचा माइक ठेवला आणि एका मुलाने चुटकी वाजवली. आवाज १२ मीटर गेला, १२ मीटर परत आला, म्हणजे एकूण २४ मीटर. कानाला फक्त 'टुंग' असं काहीतरी लांबल्यासारखं ऐकू येतं, कारण ०.१ सेकंदाच्या आत परत आलेला आवाज कान वेगळा काढत नाही. ऑडॅसिटीत मात्र दोन उभे कोंब स्पष्ट दिसले. एक चुटकीचा, दुसरा प्रतिध्वनीचा. मधलं अंतर ०.०७०३ सेकंद. २४ भागिले ०.०७०३ म्हणजे सेकंदाला ३४१ मीटर. सकाळचं तापमान १६ अंश होतं. ० अंशाला ३३१ आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ हा हिशेब धरला तर ३४०.६ येतात. मुलं खूश, मीही खूश.

खरी मजा मार्चअखेर झाली. सकाळची शाळा सुरू झालेली, हरभरा निघालेला, पाइप मोकळे. सुट्टी व्हायच्या आधी, अकराच्या सुमारास पुन्हा करायचं ठरलं. आधी फळ्यावर अंदाज लिहिला: व्हरांड्यातला तापमापक ३६ अंश दाखवतोय, म्हणजे वेग सुमारे ३५३ यायला हवा. मोजलं तर ०.०६६६ सेकंद. म्हणजे ३६०!

मी काय केलं असेल? जे तुम्ही केलं असतं तेच. "मोजताना चुकलात, परत करा." परत केलं, तेच आलं. तिसऱ्यांदा कर्सर मी स्वतः धरला. तरी तेच. मनात म्हटलं, जानेवारीत योगायोगाने जमलं असेल, आता गुंडाळावं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पाइप काळा हाये, उन्हात पडला हाये. त्याच्यातली हवा व्हरांड्यातल्यासारखी थंडी राहीन का?"

तापमापकाला सुतळी बांधून पाइपात मीटरभर आत सरकवला. पाच मिनिटांनी काढला तर ४८ अंश. फळ्यावर लिहिलं: ३३१ अधिक ०.६ गुणिले ४८. उत्तर ३५९.८.

मी वीसेक वर्षं विज्ञान शिकवतोय. वर्गात आलेलं 'चुकीचं' उत्तर बरोबर आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिलेला अंदाजच चुकीच्या जागचा, असा प्रसंग माझ्या वर्गात त्याआधी आला नव्हता. येणार तरी कसा? आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधीच छापलेलं असतं. वाचन त्या उत्तराला जुळवून लिहायचं हे मुलांना सातवीपासून येतं, आणि खरं बोलायचं तर ते आपणच शिकवलेलं आहे. मागच्या वर्षीची वही समोर ठेवून या वर्षीची लिहिलेली मी किती वेळा चालवून घेतली आहे, याचा हिशेब नको. त्या दिवशी पाइपाने मात्र कोणाचं ऐकलं नाही.

या प्रयोगाला लागलं काय? एक माइक, दोन उसने पाइप, सुतळी. व्हिडिओत हेच दाखवलं असतं तर वेग ३४३ आला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

दुसरा अनुभव डीपीचा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: गावाबाहेर दोन खांबांच्या मध्ये बसवलेलं ट्रान्सफॉर्मर असतं, त्याला आमच्याकडे डीपी म्हणतात. 'डीपी जळली' हे वाक्य रब्बीच्या हंगामात कोणत्याही शेतकऱ्याची झोप उडवू शकतं. तिचा 'घूं' असा आवाज प्रत्येक पोराच्या कानात बसलेला असतो. आम्ही पहाटेच्या शांततेत, कुंपणाच्या बाहेर चांगलं लांब उभं राहून तो मोबाइलवर मुद्रित केला आणि शाळेत वर्णपट काढला. १०० हर्ट्झला उंच शेंडा, मग २००, मग ३००. एक पोरगं लगेच म्हणालं, "पुस्तकात तं ५० हाये. मंग हे १०० काहून आलं?"

या 'काहून'साठी मी अख्खी तासिका देईन. वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते. प्रत्येक फेरीत ती एकदा इकडून आणि एकदा तिकडून वाहते. ट्रान्सफॉर्मरच्या आत लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो. चुंबकत्व आलं की ते पत्रे अगदी किंचित ताणले जातात. चुंबकत्व कोणत्या दिशेचं आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं, ते दोन्ही वेळा ताणतात. म्हणून एका फेरीत दोन हिसके, सेकंदाला १००. हे पटवायला आम्ही विद्युतचुंबकाच्या प्रयोगातली तांब्याच्या तारेची गुंडाळी घेतली, तिची दोन टोकं माइकच्या पिनेला जोडली आणि गुंडाळी चालू स्टॅबिलायझरच्या बाहेरून जवळ धरली. यावेळी शेंडा ५० वर आला. गुंडाळीला दिशा कळते, लोखंडाला कळत नाही. एकच वीज, दोन यंत्रं, दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

पुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची वीजव्यवस्था उरलेल्या देशाशी एका तालात जोडली गेली. तेव्हापासून देशभरच्या मुख्य जाळ्यात एकच वारंवारिता आहे. मागणी वाढली की ती सगळीकडे एकदम थोडी उतरते, मागणी घटली की एकदम चढते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असा नियम आहे. म्हणजे आमच्या शिवारातली डीपी ज्या सुरात गुणगुणते त्याच सुरात त्या क्षणी कन्याकुमारीची डीपी गुणगुणत असते. आमच्या पोरांनी कन्याकुमारी नकाशातच पाहिली आहे. वीज आठ तास मिळते की सहा, हे दुःख वेगळं, पण मिळते तेव्हा ती साऱ्या देशाबरोबर एका ठेक्यात मिळते हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

इतका बारीक फरक बघायचा असेल तर एक युक्ती आहे. जितका वेळ ऐकाल तितकं बारीक मोजता येतं. एक सेकंदाच्या मुद्रणात १ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो, दहा सेकंदांच्या मुद्रणात ०.१ पर्यंतचा. ऑडॅसिटीत मुद्रण सेकंदाला ८,००० नमुन्यांवर आणायचं आणि वर्णपटासाठी ६५,५३६ नमुने निवडायचे. म्हणजे साधारण आठ सेकंदांचा तुकडा होतो आणि ०.१२ हर्ट्झपर्यंत वाचता येतं. मोबाइलवर मुद्रित करणार असाल तर उच्च दर्जाचं मुद्रण निवडा, नाहीतर खालचा घुमारच कापला जातो.

आता इशारा. हा भाग वाचल्याशिवाय कृपया कोणी प्रयोगाला हात घालू नका. त्याच वर्गातला एक उत्साही पोरगा दुसऱ्या दिवशी दोन उघड्या तारा घेऊन आला. एक टोक माइकच्या पिनेला जोडलेलं, दुसरं टोक हातात, आणि स्वारी प्लगाकडे निघालेली. "सर, प्लगातली लाट डायरेक्टच पाहू ना." मी कसा धावलो ते मलाच माहीत. माइकच्या पिनेला व्होल्टचा हजारावा भाग पुरतो. भिंतीतल्या प्लगात २३० व्होल्ट असतात, लाटेच्या शेंड्यावर तर ३२५. संगणक जळेल ही किरकोळ गोष्ट झाली. मुलाचा जीव जाईल. आपल्याकडच्या मुलांना तारांची भीती नसते. घरात आकडा टाकताना, मोटार सुरू करताना त्यांनी मोठ्यांना बघितलेलं असतं. म्हणून पहिल्या तासिकेला पहिलं वाक्य हेच: प्लगाला, बोर्डाला, मोटारीला जोडलेली कोणतीही तार या पिनेला लावायची नाही. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. वीज बघायची तर ती गुंडाळीने, दुरून, न शिवता. पालकांनीही घरी हे सांगावं, कारण शाळेत दिसलेलं पोरं घरी करून बघतातच.

बाकीच्या अडचणी जिवावरच्या नाहीत, पण फसवतात. संगणक आणि मोबाइल 'आवाज सुधारण्याच्या' नावाखाली एकसारखा घुमणारा आवाज आपोआप गाळून टाकतात. पहिल्या दिवशी डीपीचा आवाज आमच्या लॅपटॉपने पूर्ण खाऊन टाकला होता. सेटिंगमध्ये जाऊन ही सुधारणा बंद करा. माइकचा जोर फार वाढवला तर लाटेचे शेंडे कापले जातात, सपाट होतात, आणि वर्णपटात मुळात नसलेले स्वर दिसू लागतात. नादकाट्याच्या ४८० हर्ट्झबरोबर १,४४० दिसलं म्हणून आम्ही अर्धा तास डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की काटा माइकला जवळजवळ टेकवला होता. साधा सेल जोडला तर पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण साउंडकार्ड स्थिर दाब आत येऊच देत नाही. शिवाय सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारं यंत्र २२,०५० हर्ट्झच्या वरचं बघू शकत नाही. वटवाघळाचा आवाज पकडू म्हणून झाडाखाली बसू नका.

आणि हो, डेसिबल. हा प्रश्न पालकांनीच आणला. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेचा आवाज मुलांनी मोजून द्यावा, म्हणजे तक्रार करता येईल, असं काहींचं म्हणणं होतं. कळकळ खरी होती. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळा-दवाखान्याभोवती १०० मीटरचा शांतता विभाग जाहीर करता येतो. तरीही मी नाही म्हटलं. आमचा पडदा डेसिबल दाखवतो, पण ते उणे असतात: उणे ३०, उणे १२. ते साउंडकार्डच्या कमाल मर्यादेपासून मोजलेले असतात, कानाच्या मर्यादेपासून नाही. प्रमाणित ध्वनिमापकाशी जुळवून घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आपल्या सोयीचा आकडा आला म्हणून तो खरा मानायचा नाही, हेही त्याच पाठात शिकवायचं असतं. काही पालक नाराज झाले. असो.

हे फक्त विज्ञानाच्या शिक्षकांचं काम आहे असं समजू नका. आमच्या मराठीच्या बाईंनी एक दिवस माइक हातात घेतला आणि 'चाक' म्हटलं, मग 'चार' म्हटलं. अक्षर एकच. पण वर्णपटात 'चाक'मधल्या 'च'ची खसखस वरच्या वारंवारितांकडे सरकलेली होती, 'चार'मधली खाली. जिभेची जागा बदलते ते डोळ्यांना दिसलं. मग मुलांनी 'जग' आणि 'जीभ', 'झाड' आणि 'झेंडा' करून बघितलं. आमच्या वर्गात कोलामी, गोंडी, बंजारा घरांतली मुलं आहेत, आणि उरलेली वऱ्हाडी बोलतात, डोळ्याला 'डोया' म्हणतात. कोणाचा उच्चार 'चुकला' म्हणून हसणं इथे नेहमीचं. पडद्यावर मात्र ळ आणि य हे दोन वेगळे आवाज म्हणून दिसतात, एक बरोबर आणि एक चूक असे नाही. प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दिवशी वर्गातलं हसणं थांबलं, हे बाईंनी मला स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलं.

तबल्याचंही तसंच. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून ढोलाचा आवाज भरदार असतो पण त्यात सूर लावता येत नाही. तबल्यावरची शाई कातड्याचं वजन अशा रीतीने बदलते की हे स्वर जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटीत येऊन बसतात. हे दाखवून दिलं सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. शिवकाली कुमार यांच्याबरोबरचं त्यांचं टिपण 'नेचर'मध्ये १९२० साली आलं आणि सविस्तर लेख १९३४ साली. तेव्हा त्यांच्याकडे असलं सॉफ्टवेअर कुठून असणार? कातड्यावर बारीक वाळू पसरायची, वाजवायचं आणि वाळू कुठे गोळा होते ते बघायचं. आमच्या गावात भजनी मंडळ आहे, त्यामुळे तबला आणि खंजिरी दोन्ही मिळाली. खंजिरीच्या वर्णपटात शेंड्यांची नुसती गर्दी, तबल्याच्या 'तूं'मध्ये मोजक्या, जवळपास सारख्या अंतरावरच्या काठ्या. तबला वाजवणारे आजोबा पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हे तं आमाले कानानं ठाऊक होतं, आता डोयानं दिसलं." दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करताना आपण रामन यांचा फोटो मांडतो, हार घालतो, दोन भाषणं होतात. त्या दिवशी तबला वाजवून त्याचा वर्णपट बघायला काय हरकत आहे?

हरकती येतात, मला त्या माहीत आहेत. एका वडिलांनी सरळ विचारलं, "गुरुजी, ह्याचे मार्क भेटते का?" मी खोटं बोललो नाही. वेगळे गुण मिळत नाहीत. पण ज्या मुलांनी पाइप मोजला त्यांना प्रतिध्वनीचा पाठ पाठ करावा लागला नाही, आणि परीक्षेत उदाहरण सोडवताना तापमान कुठलं घ्यायचं याचा घोळ त्यांनी घातला नाही. वेळेचं म्हणाल तर पाइपाला दोन तासिका गेल्या, डीपीला दोन. तेवढ्या तासिका आपल्या कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन माहिती भरण्यात जातातच, सगळ्यांना ठाऊक आहे.

शिक्षकांची भीती वेगळी असते, आणि ती मला जास्त समजते. "मलाच ते सॉफ्टवेअर येत नाही, मुलांसमोर अडलो तर?" अडाल. मी अडलोच होतो, तेही पाइपासमोर, पन्नास जणांच्या देखत. त्यानंतर वर्गात माझी किंमत कमी झाली असं मला तरी दिसलं नाही. उलट आता पोरं माझ्याही आकड्याला विचारतात, "सर, तापमापक कुठं ठेवला होता?"

ज्यांना याच्या पुढे जायचंय त्यांनी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये तयार झालेलं 'एक्सपआइज' हे उपकरण बघावं. छोटी डबी यूएसबीला लावायची, मग स्थिर दाबही मोजता येतो आणि साउंडकार्डच्या बऱ्याच मर्यादा सुटतात. ते विद्यार्थ्यांसाठीच बनवलेलं आहे आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. ज्यांच्या शाळेत संगणकच बंद आहे त्यांनी मोबाइलवर आखेनच्या विद्यापीठाचं 'फायफॉक्स' टाकावं. लाट आणि वर्णपट दोन्ही त्यात आहेत. पण माझा आग्रह संगणकाचाच राहील. मोठ्या पडद्यासमोर पंधरा मुलं एकत्र वाद घालू शकतात. मोबाइल एकाच्याच हातात राहतो.

तर आता एक काम. येत्या २८ फेब्रुवारीला सकाळी ठीक ७ वाजता आपापल्या गावच्या डीपीचा आवाज वीस सेकंद मुद्रित करायचा. कुंपणाबाहेरून, लांबून, सोबत मोठं माणूस घेऊन. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, कुठेही असा. १०० च्या जवळचा शेंडा किती हर्ट्झवर आला तो आकडा आणि मुद्रणाची नेमकी वेळ वहीत लिहून ठेवा. मार्चच्या शिक्षण परिषदेत ते आकडे शेजारी शेजारी मांडून बघू. ०.१२ पेक्षा जास्त फरक ज्याचा येईल त्याने घाबरू नये, आकडा बदलूनही आणू नये. आमच्या मागच्या रांगेतल्या मुलीला मी त्या दिवशी सोबत आणणार आहे.